आलेखातली पायरी

"धागा तुटना का गाठ मार बेटा, माग थांबू दिऊ नको," सुरतेच्या लूमखात्यात बाप लहानग्या योगिताला ओरडून सांगायचा. परवा प्रयोगशाळेत अर्धवाहक नॅनोकणांचा नमुना मोजणी चालू असताना जळाला, तेव्हा तिने सवयीनेच दुसरा नमुना लावला अन् पुढचे आकडे मागच्यांना जोडले. आज तिचे मार्गदर्शक सर आलेखासमोर नाचायचेच बाकी होते. "वाह बेन! इलेक्ट्रॉन भिंत न फोडता आरपार जातात, तेही एकेक करून! म्हणून प्रवाहाला ही पायरी!" ती पायरी दोन नमुन्यांच्या जोडावरच उमटलीय, हे तिला कालच दिसलं होतं, पण सांगायला जीभ उचलली नव्हती. "शोधनिबंध पाठवतो. पीएचडी झालीच समज, बापाला पेढे ने." त्यांचा हात माऊसकडे गेला. तिने तो मनगटापाशी धरला. "सर, पायरी खोटी आहे. पहिला नमुना मध्येच जळाला, पुढचे आकडे दुसऱ्याचे आहेत."