ह्वांग सरांचा तास

समुपदेशकांच्या ऑनलाइन वर्गात आम्ही बत्तीस जण होतो. ह्वांग सर राजधानी सोलहून शिकवायचे आणि मी दूर दक्षिणेला मोकपो शहरात, शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून बसायचे.

त्या मंगळवारी सर म्हणाले, "आज सरावाला त्रासलेला माणूस मी बनतो. मीसूकबाई, तुम्ही बोला माझ्याशी. आणि मागच्या तासाला शिकवलेला तो प्रश्न आडून आडून नको, सरळ विचारा."

सर सांगू लागले. बायको गेल्यापासून ते अजून दोघांचा भात लावतात आणि सगळाच तसा राहतो. मी घाबरत घाबरत विचारलं, "तुमच्या मनात मरणाचे विचार येतात का?"

"येतात. रोज."

पडद्यावर टाळ्यांची चित्रं उमटली. "काय अभिनय केलात सर, रडवलंत!" कोणीतरी लिहिलं. सरांनी चष्मा काढून पुसला, कसंनुसं हसले आणि वर्ग बंद केला.

मी लगेच वर्ग चालवणाऱ्या संस्थेत फोन लावला.

"शिक्षकांचे नंबर देत नाही हो आम्ही," तिथली मुलगी म्हणाली.

"अगं, मग तू तरी कर त्यांना फोन!"

"बरं, निरोप ठेवते."

पुढच्या मंगळवारी पडद्यावर नवीनच बाई होत्या. "ह्वांग सर आता येणार नाहीत," एवढंच बोलून त्यांनी विचारलं, "कुठवर आला होतात तुम्ही?"

मी माइक सुरू केला.

 

"प्रश्न विचारण्यापर्यंत. समोरचा 'हो' म्हणाला तर काय करायचं, ते सर आज शिकवणार होते."