चार सेंटिमीटर

"चार सेंटिमीटर, मॅडम! चार सेंटिमीटर जाड मांसाखाली!"

त्र्यंबकनं पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर बोट आपटलं. डॉक्टर जयलक्ष्मी वाकून बघू लागल्या. टेबलावरच्या काळ्या डब्यात कोंबडीचं मांस होतं आणि त्याखाली रक्त भरलेली बारीक नळी. वरून लेझरचा प्रकाश आत जायचा, रक्त किंचित तापायचं आणि त्यातून उठणारा, कानाला न कळणारा आवाज तांदळाच्या दाण्याएवढे सेन्सर टिपायचे; पडद्यावर त्याचाच ठिपका उमटायचा. स्तनातली खोलवरची गाठ अशीच दिसणार होती. आज जयलक्ष्मींची खात्री पटली तर सोमवारपासून त्यांच्या रुग्णांवर चाचण्या सुरू.

त्र्यंबक पुण्याहून मैसूरच्या गोकुलम भागातल्या या प्रयोगशाळेत आला तो जगाला अक्कल शिकवायलाच. "तुला डिग्री दिली कुणी?" हा कॉम्प्युटरवर बसणाऱ्या चंदनाला त्याचा रोजचा प्रश्न. शिपाई येसाजीराव तर त्याच्या लेखी माणसांतच नव्हते. त्यांचं मैसूरी मराठी ऐकून तो नाक मुरडायचा. स्वतः मात्र एवढा सोवळा, की कच्च्या मांसाकडे बघितलं तरी त्याला मळमळायचं. "तुम्हाला सवय असेल," म्हणत डबा भरायचं काम त्यानं येसाजीरावांच्या गळ्यात मारलं होतं.

कित्येक महिने पडदा काळाच राहिला. यंदा उगादीला, म्हणजे ऐन पाडव्यालाही त्यानं सगळ्यांना कामावर बोलावलं आणि नेमका त्याच दिवशी पहिला ठिपका उमटला. त्यानं मैसूरपाक वाटला, श्रेय सगळं एकट्यानं लाटलं.

"डबा उघडून दाखवता?" जयलक्ष्मींनी विचारलं.

"अवश्य! येसाजीराव, उघडा."

येसाजीराव जागचे हलले नाहीत. "आत्ता नको, सार."

"तुमचं मत विचारलंय का मी? उघडा म्हणतो ना!"

झाकण निघालं. नाकाला रुमाल लावून त्र्यंबक आयुष्यात पहिल्यांदा त्या डब्यात डोकावला. वर तीन बोटं नितळ जेली. तिच्या तळाशी चपातीएवढा पातळ मांसाचा काप आणि त्याखाली नळी. चार सेंटिमीटर अंतर खरं होतं, पण प्रकाशाला अडवायला मध्ये मांस जवळजवळ नव्हतंच.

जयलक्ष्मींनी चाचण्यांचे कागद उचलून परत पर्समध्ये ठेवले.

"हे... हे कधीपासून चाललंय?" त्र्यंबकचा आवाज चिरकला.

येसाजीरावांनी मान खाली घालून बसलेल्या चंदनाकडे पाहिलं.

"चित्र आलं नाही की तुम्ही या पोरीला चार माणसांपुढं रडवत होता, सार. उगादीच्या आदल्या दिवशी ती राजीनामा लिहीत बसली. मला बघवलं नाही. तेव्हापासून रोज मी मांस पातळच कापतो आणि वर जेली भरतो. पहिल्या दिवशी तुम्ही मैसूरपाक वाटला ना, अल्वा?"