मास्तरांचं वय

गव्हाणे मास्तर महिन्यातून दोनदा, रविवारी भल्या सकाळी, दौंडच्या बाजारात मच्छिंद्रच्या सलूनमध्ये शिरायचे, पडदा ओढून घ्यायचे आणि केसांना, मिशीला कलप लावून घ्यायचे. कलप वाळेपर्यंत तोंड मात्र मोकळंच असायचं. "केस कापायला डोकं लागतं ते गिऱ्हाइकाचं, न्हाव्याचं नव्हे," ते म्हणायचे. "वर्गात जे दगड निघतात, तेच पुढं कात्री धरतात. अक्कल असती तर तू इथं असतास का रे?"

पन्नाशीचा मच्छिंद्र नुसतं "व्हय मास्तर" म्हणायचा. असल्या पुस्तकी शहाण्याशी वाद घालण्यापेक्षा त्यानं एखाद्या उंदराची मिशी कोरून दिली असती.

रेल्वेच्या संपाच्या त्या उन्हाळ्यात शिरूरहून एक पाहुणे सलूनमध्ये आले. मास्तर बिजवर, आणि पाहुण्यांच्या बावीस वर्षांच्या पुतणीशी त्यांचं जमत आलेलं. स्थळाची चौकशी करायची ती आधी गावच्या न्हाव्याकडं, ही आपली जुनी रीत.

"मास्तर वय अडतीस सांगत्यात," पाहुणे हळूच म्हणाले. "खरं हाय का?"

मच्छिंद्रनं वस्तरा पट्ट्यावर दोनदा घासला.

"मला अडाण्याला काय कळतंय, पाव्हणं? तुम्ही रविवारी सकाळी या, आन् पडदा सारून सरळ आत शिरा. कलप वाळेस्तवर मास्तर हितंच बसत्यात. त्यांनाच इचारा."