कुणाला कळता कामा नये

टेक्सासमधल्या त्या लहानशा गावात शेजारी घरफोडी झाली आणि एकट्या राहणाऱ्या वर्लीनकाकूंनी सत्तराव्या वर्षी रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं. दुकानात एक हाताला जड वाटलं, दुसरं कमरेला लावून आरशात पाहिलं तर पोट सुटल्यासारखं दिसत होतं. शेवटी तळहाताएवढं, अगदी हलकं एक पसंत पडलं.

"हे पर्समध्ये आहे, असं कुणाला कळणार नाही ना रे?" त्यांनी दुकानदार हॉइटला विचारलं.

"तुम्ही सांगितल्याशिवाय नाही, काकू."

काकू खुशीत घरी निघाल्या. वाटेत फक्त पार्लरमध्ये जरा टेकल्या.

 

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा म्हणाले, "वर्लीनबाईंचं रिव्हॉल्व्हर ज्यांचं अजून बघायचं राहिलंय, त्यांनी प्रार्थना संपल्यावर थांबावं."