सार्जंटचे श्वास

“सव्वीस,” लेस नॉयमन फोनवर म्हणाला.

“निवांत असतानाच मोजले ना? पूर्ण मिनिटभर?” रोवेनाने विचारलं.

“घड्याळ समोर ठेवून. चाळीस वर्षं रेल्वेत काढलीत, डॉक्टरीणबाई. माझं मिनिट म्हणजे मिनिट.”

महिन्यापूर्वी लेसचा बोका, सार्जंट, एका रानमांजराशी भिडला होता. दात खोल गेला आणि छातीत पू भरला. लेसने त्याला बिअरच्या खोक्यात घालून एकशे साठ किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टाला, रोवेनाच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा बोका तोंड उघडून धापा टाकत होता. रोवेनाने छातीच्या दोन्ही बाजूंना नळ्या घालून सहा दिवस पू काढला. ते सहाही दिवस लेस दवाखान्याच्या अंगणात स्वतःच्या गाडीत मुक्काम ठोकून होता.

घरी सोडताना तिने बजावलं, “रोज श्वास मोजायचे. मांजराचा श्वास आपल्यापेक्षा जलद असतो. तिसाच्या आत असेल तर घोर नाही. चाळिसावर गेला की तडक गाडी काढायची. पू पुन्हा भरू शकतो.”

तेव्हापासून रोज दुपारी दीडला फोन यायचा. आकडा सांगायला पाच सेकंद लागायचे, फोन वीस मिनिटं चालायचा. बंद पडलेली रेल्वेलाइन, नळ चघळणाऱ्या रानशेळ्या, अकरा वर्षांपूर्वी गेलेली बायको थेल्मा, सगळं त्यात यायचं. रेल्वेच्या त्या उजाड थांब्यावर आता एकाच घरात माणूस राहत होता, तो म्हणजे लेस. इतक्या आडबाजूला कुणी आजारी पडलं, तर फोन करून डॉक्टरचं विमान बोलवावं लागायचं.

रोवेना दूरच्या होबार्ट शहरातून इथे येऊन चार महिने झाले होते. गावात सगळे हात करायचे, घरी कुणी बोलवायचं नाही. दीड वाजता ती सँडविच घेऊन फोनपाशी बसायची. पेशंट असला तर त्याला थांबवायची. हे बरोबर नाही, हे तिला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात आकडा अठ्ठावीस झाला, मग एकोणतीस.

“तिसाच्या आत आहे, छान चाललंय,” ती म्हणाली. “खातो का?”

“दोन घास.”

“लाडावलाय मेला. चिकन उकडून घाला.”

“चालतंय,” लेस म्हणाला. त्या दिवशी शेळ्यांचा विषय निघाला नाही. काळजीने बोलणं आटलं असेल, असं तिला वाटलं. मग तीच होबार्टच्या पावसाबद्दल बोलत राहिली.

शनिवारी चौतीस.

“आणि आडवा होत नाही,” लेस म्हणाला. “बसूनच झोपतो.”

“मग आत्ता घेऊन या.”

“बघू. उद्यापर्यंत उतरेल.”

“लेस, ही चालढकल करायची गोष्ट नाही! तुम्हा इकडच्या लोकांना मरायला टेकल्याशिवाय डॉक्टर आठवतच नाही का?”

“नाही,” तो म्हणाला, आणि हसता हसता खोकला. “धूळ फार आहे आज.”

रविवारी दवाखाना बंद होता. फोन तिच्या मोबाइलवर आला, तोही सकाळी नऊला.

“चव्वेचाळीस.”

“निघा तुम्ही. मी दवाखाना उघडून ठेवते.”

“गाडी... आज नको.”

आदल्या रात्री जास्त झाली असणार, असं तिने धरलं. “जागचे हलू नका. मीच येते,” असं म्हणून तिने सुई, नळ्या आणि ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर गाडीत टाकला.

वाटेत दोन तास ती तांबड्या मातीकडे बघत होती. सार्जंट गेला तर दीडचा फोन बंद होणार. मनात पहिल्यांदा हेच आलं, याची तिला लाज वाटली. पण खरं तेच होतं. तिला त्या म्हाताऱ्याशिवाय कुणी नव्हतं.

ती फाटकातून आत शिरली तेव्हा सार्जंट पाण्याच्या टाकीवर बसला होता. तिला पाहताच त्याने ओळखलं, उडी मारली आणि घराखालच्या मोकळ्या जागेत पळाला. तिने त्याला शेपटीकडून ओढून काढलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावला. दोन्ही बाजू स्वच्छ होत्या. घड्याळ लावून तिने श्वास मोजले. तो तिच्यावर फिसकारला. तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग ती भडकली.

“लेस! अहो, हे तेवीस आहेत! तुम्ही काय मोजत होतात?”

बोक्याला काखेत मारून ती व्हरांड्याच्या पायऱ्या चढली.

लेस खुर्चीत पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. शर्टाची बटणं उघडी होती. ओठ निळे पडले होते. पायाशी बांधून ठेवलेली बॅग होती आणि मांजराच्या खाण्याची अख्खी गोणी. गोणी त्याने पायाने तिच्याकडे सरकवली.

“ते आकडे... माझे,” तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, “डॉक्टरचं विमान... बोलव आता. त्यात मांजर... घेत नाहीत, पोरी.”