चौथा ग्लास

"गिळू नका वहिनी, तोंडात फिरवा आणि बादलीत थुंका," चेअरमन पुन्हा म्हणाले.

विमलनं चौथा घोटही थुंकला. गावच्या सहकारी वायनरीत पाच सभासदांच्या बागांमधली वाइन पाच ग्लासांत ओतली होती. द्राक्षाची जात एकच, शिराझ. पण कुठला ग्लास कुणाच्या बागेचा, ते झाकलेलं. सरस ठरेल ती यंदाच्या खास बाटलीत जाणार होती. नवऱ्याच्या जागी आता विमल सभासद होती, म्हणून आली होती. तो गेल्याला चार महिने झाले, तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सांगतील ते करत राहायची, तसंच हेही. चौथ्या ग्लासापुढे तिनं दहापैकी चार मार्क दिले आणि शेरा लिहिला: पाणचट.

पाचवा झाल्यावर चेअरमननी चिठ्ठ्या उघडल्या. चौथीपाशी ते घुटमळले.

"वहिनी, ही तुमच्याच बागेची. दादांच्या हातची शेवटची."

सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. तिला काहीच झालं नाही.

"मार्क वाढवायचे असले तर वाढवा," चेअरमन हळूच म्हणाले.

तिनं चौथा ग्लास पुढे ओढला, उरलेली वाइन तोंडात घेतली आणि या वेळी गिळली.

"चारच," ती म्हणाली. मग त्या रिकाम्या ग्लासावरच खेकसली, "अहो, काढणी जवळ आली की बागेचं पाणी तोडा, दरवर्षी सांगत होते ना मी! माझं एकदा ऐकाल तर शपथ!"