श्वासापुरती खूण

वडिलांचा वस्तरा लखलखीत दिसावा म्हणून तिने तो दोन दिवस पॉलिश पेपरने घासला आणि मग जुन्या वस्तऱ्यांचे कारागीर ओळखणाऱ्या म्हाताऱ्या धारवाल्याकडे नेला.

"अहो ताई, खूणच घासून टाकलीत की! आता कारागीर कसा सांगू?"

"खूण कुठली, काका? नुसता गंज होता."

"गंजाखालीच तर असते."

तिचा चेहरा पडला. "बाबा शेवटपर्यंत सांगायचे, हा आजोबांनी स्वतः घडवलाय. आम्ही हसायचो. म्हणायचो, आजोबांना साधा खिळा तरी सरळ ठोकता यायचा का! म्हटलं, आता तरी खरंखोटं कळेल."

म्हाताऱ्याने वस्तरा उजेडाकडे धरला. पातं ओठांशी नेऊन त्याने हळूच वाफ सोडली. थंड पोलादावर धुकं दाटलं आणि त्या धुक्यात अक्षरं उमलली. हाताने कोरलेली, जराशी तिरकी:

'माझ्या चिमण्याला. घडवणारा, तुझा बाप.'

दोघं बघत असतानाच अक्षरं विरून गेली.

"तेजाबानं कोरलेलं पोलाद विसरत नाही, ताई," म्हातारा पुटपुटला. "वरून कितीही घासा."

तिने वस्तरा हातात घेतला. स्वतः वाफ सोडली. अक्षरं पुन्हा आली, पुन्हा गेली.

"बाबा रोज सलून उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकाआधी पात्यावर असंच 'हा' करायचे, आणि क्षणभर बघत राहायचे," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, धार बघतायत."